सेनियोचा बांध

इटलीच्या नकाशावर सेनियो नदी शोधावी लागते. अॅपेनाइन डोंगरात उगम, मग कास्तेल बोलोन्येझे, कोतिन्योला, आल्फोन्सिने अशा गावांजवळून सपाटीवर उतरायचं आणि शेवटी रेनो नदीला मिळायचं, एवढाच तिचा प्रवास. उन्हाळ्यात तिला नदी म्हणायला जीभ रेटत नाही. पण १९४५च्या जानेवारीपासून ९ एप्रिलपर्यंत जर्मन सैन्य याच ओढ्याच्या काठावर पाय रोवून बसलं होतं आणि समोर ब्रिटिश आठवं आर्मी तीन महिने थांबून होतं. अडवणारं पाणी नव्हतं, बांध होते.

उत्तर इटलीतल्या रोमान्या प्रांताच्या सपाटीवरच्या नद्या डोंगरातून गाळ घेऊन येतात. गाळ तळाशी बसतो, तळ वर येतो, पुराचं पाणी शेतात शिरतं, म्हणून माणसं काठाला मातीचे बांध घालतात. मग गाळ बांधांच्या आतच साचतो, तळ आणखी वर येतो, बांध आणखी उंच करावे लागतात. शतकानुशतकं हे चालल्यावर नदी आजूबाजूच्या शेतांच्या डोक्यावरून वाहू लागते. सेनियोचे बांध शेतापासून २० ते ३० फूट उंच होते. वर गाडीवाट मावेल एवढा सपाट माथा आणि दोन्ही बाजूंना तीव्र उतार, एक शेताकडे, एक पाण्याकडे. चारही दिशांना डोळ्यांना अडथळा नसलेल्या प्रदेशात अशा दोन समांतर भिंती म्हणजे बचाव करणाऱ्याला आयतीच मिळालेली गढी. सावियो, रोंको, मोंतोने, लामोने, सेनियो, सांतेर्नो, सिलारो अशा नद्या एकीमागे एक, जवळजवळ समांतर पडलेल्या आहेत. एक सोडली की मागे दुसरी तयार.

जर्मनांच्या शेवटच्या वर्षातल्या लढाया म्हटल्या की बहुतेकांना आर्देनचं बर्फ किंवा बर्लिनच्या अलीकडच्या टेकड्या आठवतात. इटलीची आघाडी तशी मागच्या बाकावरची. पण हरत चाललेलं सैन्य बचाव कसा करतं आणि तो बचाव नेमका कुठे फाटतो, हे समजून घ्यायचं तर इटलीइतकी उत्तम जागा नाही. मे १९४४मध्ये रोमच्या दक्षिणेची कासिनोची फळी फुटली, ४ जूनला रोम पडलं, आणि तिथून पुढे अकरा महिने जर्मन सैन्य माघार घेतच होतं. या माघारीत एक पद्धत होती, आणि ती कसबाची होती.

ती साधारण अशी. मुख्य सैन्य रात्री निघून पुढच्या रेषेवर जातं. दिवसा रस्त्यावर हलायची सोयच नव्हती, कारण आकाश पूर्णपणे दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या ताब्यात होतं. मागे उरते पिछाडीची छोटी तुकडी: काही मशीनगन, एक-दोन चालत्या तोफा, थोडे सुरुंगवाले सैनिक. पाठलाग करणाऱ्याला थांबवणं, तोफखाना पुढे आणायला लावणं, पायदळाला रस्ता सोडून पसरायला लावणं, एवढंच त्यांचं काम. समोरचा पूर्ण तयारीने हल्ल्याला उभा राहिला की काम झालं, अंधार पडताच निघायचं. संध्याकाळी जर्मन तोफा अचानक जोरात बडवू लागल्या, तर दोस्तांचे अनुभवी सैनिक ओळखायचे की आज रात्री हे जाणार. बरोबर नेता येत नसलेला दारूगोळा संपवणं चाललंय.

आपल्याकडच्या वाचकाला इथे गनिमी कावा आठवणार. तो मोह टाळावा. गनिमी काव्यात पळणारा आपल्याला हवं तिथे पळतो आणि पाठलाग करणाऱ्याला अडचणीच्या जागी ओढून नेतो. इथे पळायची दिशा ठरलेली होती, रेषा नकाशावर आखलेल्या होत्या, आणि प्रत्येक रेषेवर किती दिवस काढायचे याचा हिशेब वरच्या कचेरीत मांडलेला होता. त्रासिमेनो सरोवराजवळच्या रेषेवर जूनच्या अखेरीस आठवडाभराहून थोडं जास्त, मग आरेत्सो शहर, मग आर्नो नदी. ही घड्याळ लावून केलेली लढाई होती.

पाठलाग करणाऱ्याला सर्वांत जास्त वेळ खायला लावतो तो गोळीबार नव्हे, फुटलेला रस्ता. जर्मन सुरुंगवाले पूल तर उडवतच, पण डोंगरातल्या रस्त्यांवर त्यांची निवड आणखी दुष्ट होती. रस्ता कड्याच्या पोटात कोरलेला असेल, एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला दरी, तिथेच खालचा भराव उडवायचा. असा रस्ता तुटला की वळसा नाही. नाल्यावरच्या छोट्या मोऱ्या उडवायच्या, कारण मोठ्या पुलाचं सामान लोक बरोबर ठेवतात, मोऱ्यांचं नाही. आणि वळसा शक्य असेल तर वळशाच्या जागीच सुरुंग पेरायचे, कारण गाड्या तिकडूनच जाणार. ३ ऑगस्टच्या रात्रीपासून ४ ऑगस्ट १९४४च्या पहाटेपर्यंत फ्लॉरेन्समध्ये आर्नोवरचे सगळे पूल उडवले गेले. एकट्या पोंते वेक्योला हात लावला नाही, पण त्याच्या दोन्ही टोकांची घरं पाडून वाट बंद केली. कलेची कदर आणि युद्धाची गरज एकाच रात्रीत सांभाळल्याचं याचं वर्णन केलं जातं. ते फार उदार वर्णन आहे. शेजारचे पूल आणि मध्ययुगीन घरं गेली, त्यांनी ही कदर पाहिली नाही.

पूल उडवण्यातही वेळेचा जुगार असतो. लवकर उडवला तर आपलीच पिछाडी पलीकडे अडकते. उशीर झाला तर वाती लावलेल्या, सुरुंग भरलेला पूल शत्रूच्या हाती अखंड पडतो. म्हणून हुकूम द्यायचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न दारूइतकाच स्फोटक असतो. अधिकार खाली दिला तर घाबरलेला लेफ्टनंट लवकर उडवेल. वर ठेवला तर टेलिफोनची तार तुटल्यावर कोणीच उडवणार नाही.

दोस्तांच्या बाजूने याला उत्तर होतं बेली पूल. दहा फूट लांब, पाच फूट उंच लोखंडी चौकट, वजन ५७० पौंड, सहा माणसांनी उचलायची. चौकटीला चौकट खिळीने जोडत जायची आणि रुळांवरून आख्खा सांगाडा पलीकडे ढकलायचा. पलीकडे कोणी नसतानाही तो टेकवता येतो, ही त्याची खरी खुबी. पण नदीला पूर आला की हिशेब बिघडतो. १९४४च्या शरद ऋतूत पावसाने पूर आणले, आणि एकामागून एक नद्यांवर हाच खेळ पुन्हा पुन्हा करावा लागला.

मग सुरुंग. टेलर सुरुंगात सुमारे साडेपाच किलो स्फोटक, रणगाड्याची साखळी तोडण्यासाठी. त्याच्या अंगाला आणि तळाला जादा भोकं असत. त्यात दुसरी कळ बसवून ती खाली खुंटीला बांधायची. वरची कळ काढून निर्धास्तपणे सुरुंग उचलणाऱ्याच्या हातातच तो फुटतो. म्हणून शहाणा सॅपर, म्हणजे सुरुंग काढणारा सैनिक, सुरुंग मोकळा केल्यावरही हाताने उचलत नाही. आकडा लावून लांब दोरीने ओढतो. एस सुरुंग पावलाच्या दाबाने किंवा तारेच्या ओढीने सुटतो, मीटरभर वर उडतो आणि मग फुटतो, आत साडेतीनशेच्या आसपास पोलादी गोळ्या. शू सुरुंग म्हणजे लाकडी खोका, आत २०० ग्रॅम स्फोटक. तो माणसाला मारत नाही, पाऊल घेऊन जातो, आणि लाकडी असल्यामुळे धातुशोधकाला दिसत नाही. त्याला एकच उपाय: पोटावर पडून संगीन तिरकी धरायची आणि खांद्याच्या रुंदीइतकी जमीन बोटाबोटाने टोचत जायची. संगीन उभी घातली तर सुरुंगाच्या माथ्यावरच टेकेल. तिरकी घातली तर बाजूला लागते. साफ केलेल्या वाटेच्या दोन्ही कडांना पांढरी फीत. रणगाड्यांच्या सुरुंगांमध्ये माणसांचे सुरुंग मिसळून पेरत, ते वाट साफ करणाऱ्यालाच गाठण्यासाठी.

या माघारीचा पाठलाग करणाऱ्यांत जुलै १९४४मध्ये वरच्या टायबर खोऱ्यात १०वी भारतीय डिव्हिजन होती आणि तिच्यात तिसरी बटालियन, ५वी मराठा लाइट इन्फंट्री. १० जुलैला नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुटली. पिछाडीची बंदूक अशीच वापरतात. लांबून गोळी झाडली की समोरचा पसरतो आणि तोफा मागवतो; म्हणून तो जवळ येईपर्यंत श्वास धरून बसायचं. जर्मनांची एमजी ४२ मशीनगन मिनिटाला बाराशे गोळ्यांच्या वेगाने चालते. २५० गोळ्यांचा पट्टा सलग सोडला तर तेरा सेकंदही पुरत नाही. नळी तापते म्हणून साधारण तेवढ्याच गोळ्यांनंतर ती बदलावी लागते आणि चालवणारा सुद्धा तोडून तोडून झाडतो. जवळच्या अंतरावर पहिला झटकाच पुरेसा असतो. घाडग्यांच्या सेक्शनमध्ये ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले, हातबॉम्बने बंदूक आणि ती चालवणाऱ्याला संपवलं, टॉमीगनने आणखी एकाला, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने. मग जर्मन नेमबाजांच्या गोळ्या त्यांना छातीत आणि पाठीत लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा मुलगा. त्यांची ओळखलेली कबर नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. त्याच खोऱ्यातल्या मोंतोने गावात २०२३मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं.

माघार कुठे तरी थांबायला हवी होती, आणि ती जागा आधीच ठरली होती: पश्चिम किनाऱ्यापासून आड्रियाटिकवरच्या पेझारोपर्यंत, डोंगराच्या कण्यावरून जाणारी गॉथिक लाइन. जून १९४४मध्ये हिटलरने तिचं नाव बदलून साधी ‘हिरवी रेषा’ करायला लावलं. एवढ्या भारदस्त नावाची रेषा पडली तर शत्रूला मिरवायला मिळेल, ही भीती. नाव बदलून रेषा मजबूत होत नाही, पण भीती खरी होती. ऑगस्ट १९४४च्या अखेरीस तिच्यावर २,३७६ मशीनगनच्या जागा, रणगाडाविरोधी तोफा आणि उखळी तोफांसारख्या ४७९ जागा, ७२,५१७ टेलर सुरुंग, २३,१७२ एस सुरुंग, १,१७,३७० मीटर काटेरी तार आणि ८,९४४ मीटर रणगाडाविरोधी चर एवढं काम झालं होतं. आकड्यांची ही नेमकी मोजदाद वाचताना दरारा वाटतो, आणि मग लक्षात येतं की सुमारे तीनशे किलोमीटरच्या रेषेवर नऊ किलोमीटरही चर नाही.

तिच्यातला सर्वांत धसका घेण्यासारखा भाग म्हणजे पँथर रणगाड्याचा बुरूज, रणगाड्याशिवाय. जमिनीत पोलादी किंवा काँक्रीटची खोली, वर ७५ मिलिमीटरची लांब नळीची तोफ असलेला बुरूज, जमिनीच्या वर जेमतेम दिसणारा. समोरून येणाऱ्या शेरमन रणगाड्यांसाठी हा काळ होता. पण ठरवलेल्यांपैकी मोजकेच वेळेत तयार झाले. आणि जिथे झाले तिथेही एक खोट होती. रणगाडा बाजूने घेरला तर मागे सरकू शकतो. जमिनीत पुरलेला बुरूज सरकत नाही. पायदळ बाजूने आलं की आतल्या माणसांना बाहेर यावंच लागतं. ही खोट पुढे सगळ्या आघाडीचीच होणार होती.

२५ ऑगस्ट १९४४ला आठव्या आर्मीचा हल्ला सुरू झाला, सप्टेंबरात रेषा दोन ठिकाणी फुटली, २१ सप्टेंबरला रिमिनी पडलं. पण पुढे पाऊस, चिखल आणि नद्या. महिन्याच्या अखेरीस इटलीतल्या जर्मन सैन्याचा सरसेनापती केसेलरिंगने पो नदीच्या मागे जायची परवानगी मागितली. आल्प्सच्या पायथ्याशी, मोठी नदी पुढ्यात ठेवून, सैन्य शाबूत असताना. ऑक्टोबरच्या सुरुवातीला हिटलरने ती नाकारली. उत्तर इटलीतलं धान्य आणि कारखाने सोडायचे नव्हते. लष्करी दृष्टीने ही परवानगी नाकारली त्या दिवशीच इटलीतली आघाडी हरली असं माझं मत आहे, मग पुढे सहा महिने ती कितीही चांगली लढो. ज्या पद्धतीने तिथवर पोहोचले, तिचा जीव ‘कधी उठायचं’ या निर्णयात होता. तो निर्णयच काढून घेतला.

इथे जरा थांबायला हवं, कारण कसबाचं कौतुक करता करता माणूस वाहवत जातो. याच माघारीच्या पिछाडीला पार्टिझनांचा, म्हणजे जर्मनांविरुद्ध लढणाऱ्या इटालियन बंडखोरांचा, बंदोबस्त म्हणून गावंच्या गावं मारली गेली. १२ ऑगस्ट १९४४ला सांतान्ना दि स्ताझ्झेमात काही तासांत पाचशेहून जास्त माणसं. सप्टेंबरच्या अखेरीपासून मारझाबोत्तोच्या परिसरात, मोंते सोलेच्या डोंगरावर, कमीत कमी ७७० माणसं, त्यांत बायका, म्हातारी आणि मुलं मोठ्या संख्येने. दोन्ही ठिकाणी नाझींच्या एसएस दलाची १६वी डिव्हिजन. उन्हाळ्यात केसेलरिंगने काढलेल्या हुकमांनी अशा कृत्यांना पाठीशी घालण्याची हमी दिलेली होती. रेषेच्या मागचा रस्ता मोकळा ठेवणं हेही त्यांच्या बचावाच्या गणितातच धरलेलं होतं.

त्या हिवाळ्यात जर्मनांनी एक हल्लाही केला, तो फारसा कोणाच्या लक्षात नाही. २६ डिसेंबर १९४४ला पश्चिमेकडे सेर्क्यो नदीच्या खोऱ्यात जर्मन आणि मुसोलिनीच्या उरल्यासुरल्या सरकारचं इटालियन सैन्य मिळून अमेरिकन ९२व्या डिव्हिजनवर तुटून पडले. आर्देनमधल्या जर्मन हल्ल्याच्या दहा दिवस नंतरचा हा प्रकार, पण आकार फार लहान. सोम्मोकोलोनिया गावात घेरलेल्या लेफ्टनंट जॉन फॉक्सने स्वतःच्याच जागेवर तोफा मागवल्या आणि तो मेला. धोका ओळखून त्या खोऱ्यात आधीच ८व्या भारतीय डिव्हिजनच्या ब्रिगेड हलवल्या जात होत्या. त्यांनी फळी सावरली आणि बार्गा गाव परत घेतलं. हल्ला दोन-तीन दिवसांत आटोपला. तो पुढे का गेला नाही याचं कारण गुपित नाही: मागे राखीव नव्हते, पेट्रोल नव्हतं. समोरच्याला दचकवणं आणि त्याच्या राखीव तुकड्या पश्चिमेकडे ओढणं, इतकंच त्या हल्ल्याच्या पदरात पडलं.

पेट्रोल. या आघाडीचं खरं दुखणं तेच. १९४५पर्यंत एका लॉरीच्या मागे दुसरी, कधी तिसरीही दोरीने बांधून ओढली जात होती. तोफा आणि गाड्या ओढायला इटालियन शेतकऱ्यांचे बैल जुंपले होते. बैल पुढे नेतो तसा मागेही नेतो, पण बैलाच्या चालीने. ज्या बचावाचं सगळं शास्त्र वेळेवर उठण्यात, तो आता बैलाच्या पायांवर उभा होता.

फेब्रुवारी १९४५च्या अखेरीस ८वी भारतीय डिव्हिजन कॅनेडियन सैन्याच्या जागी सेनियोवर आली. तिथली मांडणी विचित्र होती. जर्मनांनी दोन्ही बांध धरले होते; दोस्तांच्या बाजूच्या पूर्व बांधाचीसुद्धा पाण्याकडची बाजू त्यांच्याकडे. काही ठिकाणी त्याच बांधाच्या शेताकडच्या उतारावर भारतीय सैनिक. मधे फक्त मातीची जाडी. हातबॉम्ब माथ्यावरून पलीकडे टाकायचा आणि तिकडून परत येण्याची वाट पाहायची. जर्मनांनी बांधातून आरपार बोगदे खणून शेताकडे मशीनगनसाठी भोकं काढली होती. पात्रावर माणसाला जाण्यापुरते छोटे पूल, उतारांवर सुरुंग आणि तार.

मोर्चे पाण्याकडच्या बाजूला ठेवण्यामागे उलट्या उताराचं जुनं तत्त्व आहे. समोरून दिसणाऱ्या उतारावर बसलात तर शत्रूच्या तोफा आणि निरीक्षक तुम्हाला पाहतात. माथ्याच्या पलीकडे बसलात तर सरळ जाणारा गोळा वरून निघून जातो. हल्लेखोर माथ्यावर चढला की आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसतो, आणि त्याच्या तोफा आता गप्प असतात, कारण त्याचीच माणसं तिथे पोहोचलेली असतात. आणखी एक डाव म्हणजे हल्लेखोराला पहिला बांध ओलांडून पाण्यात उतरू द्यायचं आणि मग त्याच पहिल्या बांधाच्या आतल्या बाजूतून त्याच्या पाठीत गोळ्या घालायच्या. पण या सगळ्याला एक कळीची अट आहे. तोफांचा मारा चालू असताना माणूस बोगद्यात खोल बसतो. मारा थांबल्यापासून हल्लेखोर माथ्यावर येईपर्यंत जी दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात त्याने बाहेर येऊन बंदुकीवर हात ठेवला पाहिजे. बाकी सगळं बांधकाम या दोन-तीन मिनिटांसाठी असतं.

९ एप्रिलला आठव्या आर्मीने नेमकी तीच मिनिटं चोरली.

आधी बाँब. दुपारी दोनच्या सुमारास ८२५ जड बाँबर आले. विमानविरोधी तोफांनी आकाशात स्फोटांची रेघ आखून त्यांना हद्द दाखवली होती. तरी काही बाँब पोलिश सैनिकांवर पडले. उंचावरून मदत मागवण्याची ही किंमत इटलीत पूर्वीही मोजली गेली होती. या विमानांनी सुमारे पावणेदोन लाख छोटे, वीस पौंडी, तुकडे उडवणारे बाँब टाकले. ही निवड शहाणपणाची होती. मार्च १९४४मध्ये कासिनो गाव जड बाँबांनी पाडलं तेव्हा खड्डे आणि ढिगारे असे झाले की दोस्तांचेच रणगाडे अडकले आणि जर्मन पॅराशूट सैनिकांना ढिगाऱ्यांची आयती तटबंदी मिळाली. सेनियोच्या सपाटीवर तसे खड्डे नको होते. माणसं, तारा आणि टेलिफोन तोडायचे होते, जमीन नाही.

पायदळ आधीच गुपचूप बांधावरून काही शे यार्ड मागे घेतलं होतं. मग तोफखाना: ४२-४२ मिनिटांच्या पाच फेऱ्या, मधल्या उसंतीत लढाऊ विमानांचे झपाटे. पहिली फेरी थांबली तेव्हा बोगद्यातले जर्मन शिकवल्याप्रमाणे बंदुकांकडे धावले असणार. हल्ला आला नाही, विमानं आली. पुन्हा आत. दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा तेच. माणसाच्या शरीराला असं चार वेळा शिकवलं की पाचव्या वेळी ते उठत नाही. संध्याकाळी ७.२०ला शेवटची विमानं झेपावली ती एकही गोळी न झाडता. खाली डोकी लपलेली, आणि त्या कोऱ्या झेपेखाली पायदळ बांधाकडे निघालेलं. बरोबर ज्वाला फेकणाऱ्या गाड्या: हलक्या कॅरियरवर बसवलेल्या ‘वास्प’ आणि चर्चिल रणगाड्यावरच्या ‘क्रोकोडाइल’, जिच्या मागच्या गाड्यात ४०० गॅलन इंधन असे आणि जिची जीभ शंभर यार्डांहून थोडी लांब पोहोचे. त्यांनी बांधाच्या माथ्यावरून आग पलीकडे टाकली.

सगळीकडे ही युक्ती सारखी लागू पडली नाही, आणि जिथे पडली नाही तिथे काय होतं हे मराठा पलटणीने पाहिलं. पहिली बटालियन, ५वी मराठा लाइट इन्फंट्री ८व्या डिव्हिजनच्या २१व्या ब्रिगेडमध्ये होती. नगर जिल्ह्यातल्या निमजचे शिपाई नामदेव जाधव कंपनीचे निरोप्ये होते. कंपनी कमांडर आणि आणखी काही जणांबरोबर ते पुढच्या सेक्शनच्या मागोमाग नदी उतरून पलीकडे चढत असताना पूर्व बांधाच्या आतल्या बाजूतून, म्हणजे त्यांच्या पाठीमागून, किमान तीन मोर्च्यांतून गोळ्या सुटल्या. वर सांगितलेला तोच डाव, तंतोतंत. कमांडर आणि दोघे जखमी, बाकीचे मेले, उभे राहिले ते एकटे जाधव. त्यांनी एका जखमीला खांद्यावर घेऊन खोल पाण्यातून, चढणीवरून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. परत जाऊन दुसऱ्याला. मग ते त्या मोर्च्यांकडे वळले. पहिला टॉमीगनने गप्प केला. हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातबॉम्ब घेतले. ते संपले तेव्हा रांगत बांधाच्या माथ्यावर गेले आणि पलीकडच्या उतारावरच्या सोबत्यांकडून नवे घेऊन उरलेले दोन मोर्चे संपवले. मग उखळी तोफांचे गोळे पडत असतानाच माथ्यावर उभं राहून, मराठ्यांची युद्धघोषणा देत, हात हलवून मागच्या कंपन्यांना नदीपार बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच संध्याकाळी, त्याच डिव्हिजनच्या फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही.

रचनेच्या बाजूने पाहिलं तर जाधवांनी केलं ते असं: उलट्या उताराचा मोर्चा समोरून अभेद्य असतो, पण तो धरणाऱ्याचं तोंड पाण्याकडे असतं. बांधाच्या माथ्यावरून, बाजूने येणाऱ्या एका माणसाला तो वळून पाहीपर्यंत हातबॉम्ब पोहोचलेला असतो. हे कागदावर दोन वाक्यांत लिहिता येतं; तिथे ते जखमी हाताने करायचं होतं.

सेनियो एका रात्रीत गेली. ३६२वी आणि ९८वी जर्मन इन्फंट्री डिव्हिजन तिथे मोडल्या. यापुढचं फार लांबवण्यासारखं नाही. सांतेर्नोवर थोडं थांबणं झालं, पण जर्मनांच्या हाताशी उरलेल्या दोन चपळ डिव्हिजनपैकी २९वी पँझर ग्रेनेडियर समुद्रावरून उतरणीच्या भीतीने आधीच उत्तरेला, पोच्या पलीकडे पाठवली होती. दोस्तांनी ती भीती मुद्दाम पेरली होती. तिला परत आणायला पुन्हा पेट्रोल, आणि कोमाक्यो सरोवराशेजारच्या आर्जेंताच्या अरुंद पट्ट्यात ती तुकड्यातुकड्यांनीच लढली. केसेलरिंगच्या जागी आलेल्या फिएटिंगहोफने माघारीची परवानगी पुन्हा मागितली, पुन्हा नकार आला. २० एप्रिलला त्याने स्वतःच्या जबाबदारीवर पोकडे हटायचा हुकूम दिला. ऑक्टोबरात मागितलेली माघार एप्रिलच्या विसाव्या दिवशी, मोडलेल्या सैन्याने, बैलांनी आणि ओढलेल्या लॉऱ्यांनी करायची होती. पोवरचे पूल विमानांनी कधीच पाडले होते. तराफ्यांनी आणि पोहून माणसं गेली, तोफा आणि गाड्या दक्षिण काठावर राहिल्या. काठावर हजारो घोडे मोकळे सुटले होते आणि आसपासचे शेतकरी त्यांना धरून नेत होते.

शरणागतीच्या कागदावर २९ एप्रिलला कासेर्ताला सह्या झाल्या आणि २ मेला ती लागू झाली. त्याआधीच, २५ एप्रिलला, ७६व्या पँझर कोअरचा (अनेक डिव्हिजनांच्या फौजेचा) सेनापती ग्राफ फॉन श्वेरिन दोस्तांच्या हाती लागला. तुमची कोअर कुठे आहे, असं विचारल्यावर त्याने उत्तर दिलं ते या अर्थाचं: पोच्या दक्षिणेला सापडेल तुम्हाला.